कमरेखाली काठी, कमरेवर मूठ: पांढऱ्या काठीचं कोल्हापूरच्या रस्त्यांवरचं परीक्षण

उसाचा हंगाम लागला की कोल्हापूरच्या आसपासच्या रस्त्यांवर ट्रॉल्या दिसायला लागतात. त्यातली एखादी कडेला उभी असते, चालक चहाला गेलेला असतो आणि मोळ्यांची टोकं मागच्या बाजूला हात-दीड हात बाहेर आलेली असतात. दृष्टिहीन माणूस अगदी शिकवल्याप्रमाणं काठी फिरवत आला तरी काठीचं टोक ट्रॉलीच्या खालून मोकळं निघून जातं. चाक बाजूला राहतं, माल छातीच्या वर असतो. काठीनं वाट मोकळी असल्याचं सांगितलेलं असतं आणि पुढच्याच पावलाला ऊस गालाला किंवा डोळ्याला लागतो.

दोष काठीचा नाही. पांढरी काठी कमरेखालचं सांगते, तिचं कामच तेवढं आहे. कमरेवरचं सांगायला काठीवर मुठीसारखं बसणारं अल्ट्रासोनिक यंत्र मिळतं, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीनं अडथळा ओळखणारं. ही दोन्ही साधनं कोल्हापूरच्या पेठांत, पावसात, बाजारात आणि ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर किती उपयोगी पडतात, ते इथं तपशिलानं मांडलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: योग्य लांबीच्या साध्या दुमडत्या काठीला आमची पूर्ण पसंती. या यंत्राच्या मुठीला पसंती आहे, पण काही अटींवर. साधी काठी हातात रुळल्याशिवाय मूठ घेऊ नये, ही त्यातली पहिली अट.

साधी काठी: आधी लांबी

सर्जिकल दुकानात ‘काठी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा आधाराची काठी पुढं येते. वाकडी मूठ, खाली रबरी बूच, कमरेइतकी उंची. ती भार टाकायला असते. पांढरी काठी भार टाकायला नसते. ती पुढची जमीन चाचपणारा लांब हात आहे, म्हणून तिची लांबी माणसाच्या उंचीवरून ठरते. माणूस चप्पल घालून सरळ उभा राहिला की जमिनीपासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजायचं. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला साधारण ४६ ते ४८ इंचांची काठी लागते. झपझप चालणाऱ्याला, लांब टांगा टाकणाऱ्याला आणखी दोन-चार इंच जास्त चालतात.

लांबीचा एवढा आग्रह कशासाठी, ते आकड्यांवरून कळतं. मूठ बेंबीच्या उंचीला, पोटापासून जरा पुढं धरली आणि काठी १२० सेंटिमीटरची असली, तर टोक शरीरापुढं साधारण एक मीटरवर पडतं. टोकाला गटाराची कड लागली तर थांबायला एक पाऊल हातात असतं. तीच काठी १०० सेंटिमीटरची असेल तर टोक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर पुढं जातं. कड कळेपर्यंत पाय उचललेला असतो. आखूड काठीवाला माणूस मग नकळत पुढं वाकून चालतो. त्यानं कंबर दुखते, आणि डोकं काठीच्याही पुढं जात असल्यामुळं टपरीचा पत्रा आधी कपाळाला लागतो.

दुसऱ्याची जुनी काठी वापरायला देणं म्हणूनच चांगुलपणा असला तरी धोक्याचं आहे. उंचीत चार इंचांचा फरक असला तरी ती देऊ नये.

टोक कोणतं

काठीच्या खाली बसणारं टोक बदलता येतं, आणि कोल्हापुरात सगळा फरक इथंच पडतो. बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक पेन्सिल टोक: बारीक, नायलॉनचं, हलकं. दुसरं फिरणारं जाड टोक: लहान लिंबाएवढं, आत बेअरिंग असलेलं, जमिनीवरून घरंगळत जाणारं.

पेन्सिल टोकाची काठी उचलून, टेकवत चालवायची असते. उजवं पाऊल पुढं पडताना टोक डावीकडं टेकतं, डावं पडताना उजवीकडं. पाय जिथं पडणार ती जागा आधी तपासलेली असावी, हा त्यामागचा हिशेब. काठी फिरते ती कमान खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त, आणि टोक जमिनीपासून इंचभराच्या वर उचलायचं नाही. जास्त उचललं तर लहान दगड, विटेचा तुकडा, स्पीडब्रेकरची सुरुवात निसटते. या पद्धतीत आवाज चांगला मिळतो. गटारावरच्या फरशीवर टोक आपटलं की भरीव ‘ठक’ येतो की पोकळ ‘डब’, यावरून फरशी पक्की बसली आहे की हलती आहे याचा अंदाज येतो. पोकळ आवाज आला तर त्याच जागी दुसऱ्यांदा जरा जोरात टेकवून पाहावं. फरशी डुगडुगली तर ती पूर्ण ओलांडायची, तिच्यावर पाय द्यायचा नाही.

तोटा पेव्हर ब्लॉकवर दिसतो. दोन ब्लॉकमधल्या फटीत, गटाराच्या जाळीत, चेंबरच्या झाकणाच्या भोकात पेन्सिल टोक रुततं आणि मूठ पोटात बसते. चालण्याचा वेग चांगला असेल तर मार जोरात लागतो. त्यावर उपाय पकडीत आहे. हस्तांदोलनाला हात पुढं करतो तशी मूठ धरायची, तर्जनी काठीच्या लांबीला सरळ ठेवायची, आणि कोपर ताठ ठेवायचं नाही. टोक अडकलं की कोपर आपोआप मागं सरतं आणि धक्का जिरतो. मूठ पोटाच्या अगदी समोर न धरता बोटभर बाजूला धरली तरी फरक पडतो.

फिरणारं टोक जमिनीला सतत लावून ठेवायचं असतं. फटीत ते सहसा अडकत नाही, मनगट कमी थकतं, आणि डांबर संपून फरशी कुठं सुरू झाली, माती कुठं लागली हे हाताला बारकाईनं कळतं. खालची पायरी किंवा खड्डाही लवकर कळतो, कारण टोक जमिनीवरून खाली पडतं. पण ते पेन्सिल टोकापेक्षा जड असतं आणि बेअरिंगमध्ये चिखल शिरला की फिरायचं थांबतं. न फिरणारं टोक एकाच बाजूनं झिजतं, सपाट होतं, आणि मग खरखरत ओढलं जातं. पावसाळ्यात घरी आल्यावर ते साध्या पाण्याखाली धरून हातानं फिरवत धुवावं, कापडानं कोरडं करावं. तेल घालू नये. तेलावर धूळ बसते आणि आठवड्यात ते आणखी घट्ट होतं.

आमची शिफारस अशी: राजारामपुरी, शाहूपुरी, रंकाळ्याची चौपाटी, पेव्हर ब्लॉकचे फूटपाथ इथं फिरणारं टोक. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या चिंचोळ्या गल्ल्यांत, जिथं दारातल्या पायऱ्या रस्त्यावर उतरतात आणि गटारावर जागोजाग फरश्या टाकलेल्या असतात, तिथं आवाज देणारं पेन्सिल टोक. एकच घ्यायचं असेल तर फिरणारं घ्यावं. रोज वापरात असेल तर आठवड्याला एकदा टोकावरून बोट फिरवून झीज तपासावी. पेन्सिल टोक एका बाजूला तासल्यासारखं लागलं तर पाव फेरी फिरवून बसवावं, म्हणजे झीज सगळीकडं सारखी होते. नायलॉन झिजून आतला धातू लागायला लागला तर टोक त्याच दिवशी बदलायचं. धातू ओल्या फरशीवर घसरतो.

पाऊस आणि पाणी

जून ते सप्टेंबर हा काठीच्या परीक्षेचा काळ. साचलेल्या पाण्याखाली चेंबर उघडं आहे का, हे डोळस माणसालाही दिसत नाही, त्यामुळं ‘पुढचा गेला, मीही जातो’ हा हिशेब इथं चालत नाही. पाणी लागलं की टेकवत चालणं बंद करून टोक सतत तळाला लावून ठेवायचं, पावलं अर्धी करायची. खोली मोजायची सोपी युक्ती आहे. काठी उभी धरून तळाला टेकवा, बाहेर काढा आणि वरून खाली हात फिरवत या. ओल जिथं सुरू होते तेवढं पाणी. काठीवर टोकापासून वीत, दोन वीत अंतरावर दोऱ्याचे दोन वेढे घालून वर चिकटपट्टी लावून ठेवली तर बोटाला खूण लागते. दुसऱ्या खुणेच्या वर ओल आली तर त्या वाटेनं जायचंच नाही. वाहत्या पाण्यात तर पहिल्याच खुणेला मागं फिरायचं.

पायातलंही सांगायला हवं. कोल्हापुरी चप्पल कोरड्या रस्त्यावर पायाला जमिनीची जाण चांगली देते, पण चामड्याचा तळ ओल्या फरशीवर आणि घाटाच्या पायऱ्यांवर धरत नाही. पावसात खाचा असलेला रबरी तळ हवा, आणि मागून पट्टा असलेला. चप्पल पायातून निसटली की माणूस काठी सोडून ती शोधायला रस्त्यातच वाकतो, आणि गाडीवाल्याला वाकलेला माणूस उशिरा दिसतो.

काठी बिघडते कशी

दुमडती काठी म्हणजे अॅल्युमिनियमच्या चार-पाच नळ्या आणि आतून जाणारी इलॅस्टिकची दोरी. बिघाड दोरीचा असतो किंवा सांध्याचा. दोरी सैल झाली की काठी उचलताना सांधा उघडतो, आणि हे नेमकं रस्ता ओलांडताना होतं. तपासायला काठी उघडून मुठीशी धरा, आडवी करा आणि मनगटानं दोनदा झटका द्या. सांध्यातून ‘टकटक’ ऐकू आलं किंवा मधे वाक आला तर दोरी बदलायला झाली.

जुन्याच जाडीची दोरी घ्यावी. पातळ दोरी ताण धरत नाही, जाड दोरीनं नळ्या दुमडत नाहीत. टोक काढायचं, जुन्या दोरीची गाठ सोडायची आणि जुनी दोरी पूर्ण ओढून काढायच्या आधी तिच्या शेवटाला नवी दोरी बांधायची. जुनी बाहेर येते तशी नवी आपोआप आत ओवली जाते. जुनी तुटलीच असेल तर पातळ तार घालून एकेक नळी ओवावी लागते, आणि नळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून त्या आधी जमिनीवर ओळीनं मांडाव्यात. शेवटची गाठ बांधताना दोरी ताणलेली हवी. ही ताण धरून गाठ मारायची पायरी एकट्यानं जमत नाही, दुसऱ्या कुणाला धरायला सांगा.

सांध्यात रेती गेली तर कोरड्या फडक्यानं पुसावी. पावसात भिजलेली काठी दुमडून पिशवीत कोंबू नये. सांधे ओढून मोकळे करून टांगावी, नाहीतर आत पांढरी पूड धरते आणि काठी उघडेनाशी होते. चकाकणाऱ्या पट्टीवर चिखल राहिला तर रात्री ती चमकत नाही. घरातल्या डोळस माणसानं अंधारात मोबाईलची बॅटरी मारून ती अधूनमधून बघावी.

मुठीच्या दोरीचा फासा रहदारीत मनगटात घालू नका. काठी दुचाकीच्या आऱ्यांत गेली किंवा वडापच्या, म्हणजे प्रवासी जीपच्या, चाकाखाली आली, तर हात ओढला जातो. काठी सुटली तर सुटू द्यावी.

आता मूठ

आयआयटी दिल्लीच्या असिस्टेक प्रयोगशाळेत तयार झालेली स्मार्टकेन २०१४ साली बाजारात आली. चेन्नईची फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ती बनवते, तिच्या चाचण्यांत दिल्लीच्या सक्षम संस्थेचा सहभाग होता. ती सुट्या मुठीसारखी पांढऱ्या काठीवर बसते. तिच्यातून मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी पुढं जातो, अडथळ्यावर आपटून परत येतो, आणि किती वेळात परत आला त्यावरून अंतर ठरतं. गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीचा अडथळा असेल तर मूठ थरथरते, आणि अंतर कमी होईल तशी थरथर बदलते. दोन पल्ले आहेत. जवळचा १.८ मीटरचा, लांबचा ३ मीटरचा. बॅटरी संपली तरी हातात पांढरी काठी शिल्लक राहते, ही तिची आम्हांला सगळ्यात आवडलेली गोष्ट. काठीची जागा घेऊ पाहणाऱ्या चष्म्या-पट्ट्यांपेक्षा ही रचना शहाणी आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या ट्रॉलीसमोर ती कामाची ठरते. उसाच्या मोळ्यांचा पृष्ठभाग खडबडीत आणि मोठा असतो, ध्वनी त्यावरून सगळ्या दिशांना उडतो आणि पुरेसा परत येतो. उभ्या ट्रकचा मागचा भाग, टेम्पोचं उघडं फाळकं, टपरीचा खाली उतरलेला छज्जा, खिडकीचं बाहेर उघडलेलं दार, कलती झालेली झाडाची जाड फांदी हे सगळं याच गटातलं. माणूस सेकंदाला एक मीटर चालत असेल तर लांबच्या पल्ल्यात तीन सेकंद मिळतात, जवळच्यात पावणेदोन. थांबायला दोन्ही पुरतात.

पण ध्वनीच्या स्वभावामुळं काही गोष्टी अशा कुठल्याही यंत्राला कळत नाहीत, आणि त्या नेमक्या इथं भरपूर आहेत.

गणेशोत्सवात तालीम-मंडळांचे मांडव पडतात. मांडवाची ताणलेली दोरी, तार, मानेच्या उंचीचा बारीक बांबू. यांच्यावरून परत येणारा ध्वनी इतका थोडा असतो की त्यावर विसंबता येत नाही, आणि काठी खालून निघून जाते. त्या दिवसांत मोकळा हात वापरायचा: कोपर वाकवून हात कपाळाच्या उंचीला आडवा, तळवा बाहेर, चेहऱ्यापासून वीतभर पुढं. पुढं टोक असलेली टोपी घातली तर दोरी आधी टोपीला लागते. साधी वस्तू आहे, पण मोठ्या जखमा वाचवते.

मोटारीची तिरकी काच, दुकानाचं अर्धवट उघडं काचेचं दार असा गुळगुळीत आणि तिरका पृष्ठभाग ध्वनी भलतीकडं उडवतो. लोंबणारं मऊ कापड तो शोषून घेतं. चालत्या वाहनाबद्दल तर मुठीवर मुळीच भरवसा ठेवू नये. ताशी ३० किलोमीटरनं येणारी दुचाकी सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापते. तीन मीटरवर ती यंत्राला कळली तरी हाताशी सेकंदाचा तिसरा हिस्सा उरतो. रस्ता ओलांडणं हे कानाचं काम आहे. दसरा चौक किंवा ताराराणी चौकासारख्या रुंद ठिकाणी मुठीची थरथर उलट लक्ष विचलित करते.

महाद्वार रोडवर, सणाच्या दिवसांत किंवा लक्ष्मीपुरीच्या बाजारात समोर माणूसच माणूस असतो. मूठ अखंड थरथरत राहते आणि अखंड थरथर म्हणजे काहीच माहिती नाही. तिथं जवळचा पल्ला लावावा, आणि तरीही थांबेना तर यंत्र बंद करून काठी पेन धरतो तशी आखूड, उभी धरून चालावं. गर्दीत कुणी काठीच धरून ओढायला लागलं तर ‘दादा, काठी सोडा, तुमचं कोपर द्या’ असं मोकळेपणानं म्हणावं. माणसं वाईट मानत नाहीत, त्यांना माहीत नसतं एवढंच. मागं अर्धं पाऊल राहून कोपर धरलं की पुढच्याचं शरीर वर-खाली झालेलं आपोआप कळतं.

छत्री दुसऱ्या हातात असेल तर ती पुढं झुकवू नये. मुठीला छत्रीच अडथळा वाटते. यंत्राच्या पुढच्या जाळीवर पावसाचे थेंब किंवा रेनकोटची बाही आली तरी हाच घोटाळा.

सवय कशी करायची

घरी भिंतीसमोर सुरुवात करा. भिंतीपासून एक, दोन आणि तीन मीटरवर जमिनीला सुतळी ताणून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे पायाला खूण लागेल. तीनवर उभं राहून एकपर्यंत हळू या, थरथर कुठं बदलते ते हातात मुरू द्या. मग खुर्चीच्या पाठीवर फळी ठेवून छातीइतक्या उंचीचा आडवा अडथळा करा. इथं बहुतेकांची एक चूक सापडते: मनगट फिरतं आणि यंत्राचं तोंड बाजूला होतं. तर्जनी मुठीच्या सपाट बाजूवर राहिली तर ते समोर राहतं. हे जमल्यावर ओळखीची सरळ वाट घ्या. राजारामपुरी यासाठी चांगली, गल्ल्यांना क्रमांक आहेत आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भिंतीचा प्रतिध्वनी तुटून वारा लागतो, त्यामुळं मोजत जाता येतं. आठवडाभर डोळस माणूस दोन पावलं मागं हवा, बोलायला नाही, फक्त हाताशी.

एक तपासणी विकत घेण्याआधीच करा. मधुमेहामुळं दृष्टी गेलेल्या अनेकांच्या पायांची आणि पुढं बोटांचीही संवेदना मंद झालेली असते. अशा माणसाला सौम्य थरथर कळत नाही. मूठ हातात देऊन, पुढं तळहात नेऊन-आणून तीन वेगवेगळी अंतरं ओळखायला सांगा. दहापैकी दोन-तीनदा चुकलं तरी ही खरेदी थांबवा. ऐकू कमी येणाऱ्याला मात्र बीप करणाऱ्या यंत्रापेक्षा थरथरणारंच घ्यावं. एरवीही आवाज करणारं यंत्र आम्ही सुचवत नाही, कारण रहदारी ऐकायला दोन्ही कान मोकळे हवेत.

पैसे आणि कागद

साधी दुमडती काठी काही शे रुपयांत मिळते. स्मार्टकेन आली तेव्हा तिची किंमत सुमारे ३,००० रुपये होती, आजची किंमत घेताना विचारावी. केंद्र सरकारच्या एडीप योजनेत दिव्यांगांना सहाय्यक साधनं मोफत किंवा सवलतीत मिळतात. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. प्रमाणपत्रासाठी आधी ऑनलाइन नोंदणी आणि मग कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी, असा क्रम असतो. महापालिका-ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तिथंही काठीसाठी अर्ज देता येतो. अर्जात ‘पांढरी काठी’ एवढंच लिहू नका. लांबी इंचांत लिहा, टोकाचा प्रकार लिहा, आणि दोन सुटी टोकं मागा. साधनं वाटपाच्या शिबिरात काठी हातात आली की तिथंच उघडून छातीशी धरून पाहा, आडवी करून दोन झटके द्या, आणि मगच सही करा.